आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य : असन्निधानातील दायित्व

परमेश्वराच्या सन्निधानात असताना जीवाला स्वतःचा भार स्वतः वाहावा लागत नाही. चुकले तर सावरणारा जवळ असतो, शंका आली तर विचारावयास स्थान असते, आणि धैर्य खचले तर एका दृष्टिक्षेपाने ते पुन्हा उभे राहते. खरी परीक्षा असन्निधानात असते. स्वामी दिसत नाहीत, त्यांचे वचन तेवढे उरलेले आहे, आणि त्या वचनाच्या आधारावर आपणही चालावयाचे व इतरांनाही चालवावयाचे, अशा प्रसंगी मनुष्याचे अंतरंग उघडे पडते. महानुभाव मार्गाच्या इतिहासात हा प्रसंग सर्वप्रथम ज्या पुरुषावर आला ते आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य, अर्थात भटोबास होत. त्यांच्या नावावर कोणताही मोठा ग्रंथ नाही. त्यांनी वाद जिंकल्याची कीर्ती नाही, राजसभेत मान मिळविल्याची वार्ता नाही. तरीही आज भिक्षुकांच्या मुखी जे ज्ञान आहे आणि वासनिकांच्या घरी जी पोथी आहे, ती त्यांच्या दायित्वबुद्धीमुळे आपणापर्यंत पोहोचलेली आहे. म्हणून त्यांचे चरित्र पाहताना केवळ वंदन करून थांबणे पुरेसे नाही. त्यांनी कोणत्या क्षणी काय निवडले आणि काय नाकारले, हे पाहिले पाहिजे.

अनुसरण

नागदेवाचार्यांचा जन्म शके ११५८ (इ. स. १२३६) च्या सुमाराचा मानला जातो. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेव्हा वैभवात होते. आबाइसा या त्यांच्या मातोश्री, उमाइसा ही भगिनी आणि प्रसिद्ध महदाइसा ही चुलत बहीण. या एकाच कुळातून मार्गाला किती रत्ने लाभली, हे एवढ्यावरूनच ध्यानी येते. महदाइसा बालपणीच विधवा झालेली, विचक्षण, प्रश्न विचारल्याविना कोणतीही गोष्ट न स्वीकारणारी. आरंभी ती रामदेव दादोसांच्या समुदायात होती आणि तेथून सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरणांशी आली. नागदेव मात्र बहुत काळ संसाराच्या वाटेने चालणारे. स्वामींची भेट झाली, चित्त वेधले गेले, तरी अनुसरण तत्काळ घडले नाही. वेध आणि अनुसरण यांच्यामध्ये एक अंतर असते, आणि ते अंतर जीवाला स्वतःच्या पायांनी ओलांडावे लागते, हे तत्त्व त्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष दिसते.

अखेरीस त्यांनी सर्वस्वाचा त्याग करून अनुसरण केले. या घटनेचे महत्त्व पूर्वजांनी किती मानले, याचे एक बोलके प्रमाण आहे. लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग पडतात. त्यांतील पूर्वार्ध जेथे संपतो आणि उत्तरार्ध जेथे सुरू होतो, ती सीमारेषा म्हणजे भटोबासांचे अनुसरण. स्वामींच्या लीळांचा कालविभाग एका शिष्याच्या आगमनाने व्हावा, ही साधी गोष्ट नव्हे.

स्वामी त्यांना प्रेमाने वानरा म्हणून हाक मारीत. त्या संबोधनात वात्सल्य आहे, थोडा विनोद आहे, आणि विचार करणाऱ्याला त्यात अर्थही आढळतो. वानराचे चित्त चंचल खरे, परंतु रामकथेतील वानरांप्रमाणे स्वामिकार्यासाठी समुद्र ओलांडणारेही तेच. नागदेवांच्या ठायी विद्वत्तेचा भार नव्हता. आर्त होते, निष्ठा होती, आणि सांगितलेले तसेच करण्याची सिद्धता होती. स्वामींच्या सन्निधानात मोठमोठे पंडित होते. तरीही पुढे सर्वांना सांभाळण्याचे काम या साध्या, सरळ पुरुषाकडे आले.

रिद्धपुरातील चौदा वर्षे

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले तो काळ सामान्यतः शके ११९६ (इ. स. १२७४) मानला जातो. यादव राजसत्तेतील काही प्रबळ मंडळींचा विरोध शिगेस पोहोचलेला होता. स्वामी जातिभेद मानीत नव्हते, स्त्रियांना ज्ञानाचा अधिकार देत होते, आणि कर्मकांडाच्या आधारावर उभ्या असलेल्या प्रतिष्ठेला त्यांच्या आचाराने धक्का बसत होता. स्वामी गेले. मागे राहिलेल्या भक्तजनांची अवस्था पाखरांनी भरलेला वृक्ष अकस्मात उन्मळून पडावा तशी झाली. वियोगाच्या दुःखात देह ठेवावा, असे वाटणे त्या स्थितीत स्वाभाविक होते. नागदेवही त्या दुःखातून सुटलेले नव्हते. उलट स्मरणाच्या तीव्रतेमुळे त्यांचे दुःख इतरांहून अधिक होते.

परंतु स्वामींची आज्ञा होती की रिद्धपुरी जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले हे स्थान तेव्हापासून मार्गाचे माहेर झाले. नागदेवांनी आपले दुःख त्या आज्ञेच्या स्वाधीन केले. त्यांच्या जीवनातील हा पहिला मोठा निर्णय होय. शोक करण्याचा अधिकार त्यांना होता. परंतु शोकात बुडून आज्ञा विसरण्याचा अधिकार आपणास नाही, हे त्यांनी ओळखले.

श्रीगोविंदप्रभूंची सेवा सोपी नव्हती. त्यांच्या लीळा बालकासारख्या होत्या. कधी हसावे, कधी रुसावे, कधी कोणाच्या घरी जाऊन अन्न मागावे, कधी एखाद्या वस्तूशी बोलत बसावे. व्यवहाराच्या मापाने त्यांना मोजू पाहणारे लोक त्यांना वेडे म्हणत. मातंगांच्या वस्तीत जाण्यास त्यांना संकोच नव्हता. त्यांना पाणी मिळावे यासाठी विहीर करविण्याची लीळा रिद्धपुरात आजही श्रद्धेने सांगितली जाते. अशा अवताराची सेवा करणाऱ्याला स्वतःचा आग्रह ठेवता येत नाही. आज सेवा मान्य झाली म्हणून उद्याही होईल असा भरवसा नाही, कौतुकाची अपेक्षा नाही, आणि लोकांच्या उपहासाची पर्वा करून चालत नाही. नागदेवांनी, महदाइसांनी आणि इतर भक्तजनांनी सुमारे चौदा वर्षे ही सेवा केली. ज्याला पुढे अनेकांना चालवावयाचे आहे, त्याने आधी निरपेक्ष सेवेत आपला अभिमान झिजवावा लागतो. रिद्धपुरातील ही वर्षे म्हणजे आचार्यपदाची खरी पाठशाळा होती.

स्मरणातून चरित्र

याच काळात मार्गाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे एक कार्य घडले. नागदेव एकांतात बसून स्वामींच्या लीळांचे क्रमाने स्मरण करीत. कोणत्या स्थानी स्वामी काय बोलले, कोणाशी बोलले, त्या वेळी कोण जवळ होते, हे सर्व ते अंतःकरणात फिरवीत. हा त्यांचा नित्य आचार होता. म्हाइंभटांनी तो पाहिला. म्हाइंभट हे सराळे गावचे, नावाजलेले पंडित. वादाच्या हेतूने स्वामींकडे आलेले आणि शरण होऊन राहिलेले. एका भक्ताच्या मनात जे साठलेले आहे ते त्याच्या देहाबरोबर नाहीसे होईल, ही जाणीव त्यांना झाली आणि लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प त्यांच्या मनात उदित झाला.

नागदेवांनी या संकल्पाला केवळ अनुमती दिली नाही, ते त्याचा कणा झाले. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांना गाठले. त्यांच्याकडून लीळा मिळविल्या. मिळालेली लीळा भटोबासांच्या स्मरणाशी ताडून पाहिली जाई. जे प्रत्यक्ष घडले ते आणि तेवढेच लिहावे, आपल्या भक्तीचा रंग त्यावर चढवू नये, ही दक्षता त्या लेखनात पानोपानी दिसते. रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी, शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास सिद्ध झालेले लीळाचरित्र हे मराठीतील आद्य गद्य चरित्र म्हणून सर्वमान्य आहे. त्या ग्रंथावर नाव म्हाइंभटांचे आहे आणि ते योग्यच आहे. नागदेवांनी त्यात आपले नाव असावे अशी इच्छा कधी धरली नाही. ज्याला कार्याशी प्रयोजन असते त्याला कर्तृत्वाच्या श्रेयाची ओढ राहत नाही.

पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. तेव्हा ज्यांनी ती पाठ केली होती, त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. ज्या आचार्यांनी स्मरण हाच नित्यधर्म म्हणून शिकविला, त्यांच्या शिकवणीचे फळ अशा रीतीने त्यांच्या नंतरच्या पिढीला मिळाले.

म्हाताऱ्यांचा कैवार

श्रीगोविंदप्रभूंनी सुमारे शके १२०९ (इ. स. १२८७) मध्ये देह ठेवला. दुसऱ्यांदा छत्र हरपले. आता पाठविणारेही कोणी नव्हते आणि ज्यांच्याकडे जावे असे स्थानही नव्हते. सर्व भक्तजनांनी नागदेवांकडे पाहिले. त्यांत म्हाइंभटांसारखे शास्त्रज्ञ होते, वयाने व अनुभवाने परिपक्व स्त्रिया होत्या. या सर्वांनी भटोबासांचे आचार्यत्व मान्य केले. पुढे समुदाय गंगातीरी, म्हणजे गोदावरीच्या प्रदेशात आला आणि निंबा हे त्यांच्या निवासाचे एक प्रमुख स्थान झाले.

येथे आचार्यांपुढे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहिला. मार्गात आता मोठमोठे विद्वान येऊ लागले होते. केशिराजबास अर्थात केसोबास, पंडित दामोदर, कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर, ही नावेच त्या काळच्या विद्यावैभवाची साक्ष देतात. विद्वानांची स्वाभाविक प्रवृत्ती संस्कृतात लिहिण्याकडे होती. संस्कृतात लिहिलेल्या ग्रंथाला प्रतिष्ठा मिळते, तो काशीपासून कांचीपर्यंत वाचला जातो, आणि विरोधकांनाही त्याची दखल घ्यावी लागते. हा विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. केसोबासांनी संस्कृतात स्तोत्ररचना केली तेव्हा भटोबासांनी ती रचना पाहिली, परंतु पुढे असे लेखन करू नये असे त्यांना सांगितले. कारण त्यांनी सरळ शब्दांत मांडले. ज्या वृद्ध स्त्रिया स्वामींचे ज्ञान ऐकून तरल्या, त्यांना या भाषेतील ग्रंथ वाचता येणार नाही. त्या ज्ञानापासून वंचित राहतील.

दुसऱ्या एका प्रसंगी केसोबास व पंडित दामोदर यांनी त्यांना संस्कृतप्रचुर भाषेत प्रश्न केला. भटोबासांनी नम्रतेने, परंतु निश्चयाने, ती भाषा आपणास कळत नसल्याचे सांगितले आणि स्वामींनी ज्या मराठीत निरूपण केले त्याच मराठीत विचारावे असे सुचविले. आचार्याने आपले अज्ञान शिष्यांसमोर उघडपणे सांगावे, यात किती निर्भयता आहे! पदाचा मान राखण्यासाठी समजल्याचा आव आणणे सोपे होते. परंतु असा आव आणणाऱ्याच्या हातून मार्ग हळूहळू पंडितांचा होतो आणि म्हाताऱ्यांचा राहत नाही.

या निर्णयाचे परिणाम दूरवर पोहोचले. केसोबासांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि स्वामींच्या दृष्टांतांचा दृष्टांतपाठ तयार केला. दोन्ही मराठीत. महदाइसांनी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने धवळे गायिले आणि मराठीची आद्य कवयित्री हा मान त्यांना मिळाला. दामोदरपंडितांचे वछाहरण, भास्करभट्टांचे शिशुपाळवध आणि उद्धवगीता हे ग्रंथ या भूमीत वाढले. २०२४ साली केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जासाठी मराठीच्या प्राचीनत्वाचा जो विचार होतो, त्यात लीळाचरित्राला टाळून पुढे जाता येत नाही. रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले, याचे मूळही त्या ग्रंथाच्या पुण्याईत आहे. हे सर्व मोठे आहे. परंतु आचार्यांच्या डोळ्यांपुढे हे काहीही नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे भिक्षेची झोळी घेऊन झाडाखाली बसलेली एक वृद्धा होती. तिचा विचार करून घेतलेला निर्णय सातशे वर्षांनंतरही टिकला.

राजाचे सोने आणि भिक्षेचे अन्न

आचार्यांच्या छायेत आलेल्या कवींमध्ये नरेंद्राची कथा विशेष प्रसिद्ध आहे. नरेंद्र हा देवगिरीच्या रामदेवराव यादवांच्या दरबारातील कवी. शके १२१४ (इ. स. १२९२) मध्ये त्याने रुक्मिणीस्वयंवर रचले. राजाने ते ऐकले, तो अत्यंत प्रसन्न झाला, आणि प्रत्येक ओवीमागे एक सोन्याचे नाणे देण्याची सिद्धता दर्शवून त्या ग्रंथावर आपले नाव घालावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली. नरेंद्राने ते नाकारले. श्रीकृष्णचरित्राचा विक्रय करणे आणि कविकुळाला डाग लावणे त्याला मान्य झाले नाही. संपूर्ण ग्रंथ त्याच्या हाती राहिला नाही. सुमारे नऊशे ओव्याच तो आपल्याबरोबर आणू शकला. त्या तुटलेल्या काव्यासह तो नागदेवाचार्यांकडे आला आणि मार्गात प्रविष्ट झाला.

राजसभा सोडून आलेल्या या कवीला आचार्यांनी काय दिले? धन नव्हते, मठ नव्हता, सन्मानाचे आसनही नव्हते. भिक्षेचे अन्न, अटनाची वाट आणि नामस्मरण, एवढेच देण्याजोगे होते. तरीही नरेंद्र राहिला. याचे कारण असे की आचार्य इतरांकडून ज्या त्यागाची अपेक्षा करीत, तो त्याग त्यांनी स्वतः आधी केलेला होता. ज्याच्या स्वतःच्या झोळीत काही साठलेले नाही, त्याच्या शब्दाला वैराग्याचे निरूपण करताना वजन येते.

समुदाय आणि एकांत

नागदेवाचार्यांच्या जीवनातील सर्वांत कठीण पेच मात्र याहून निराळा होता, आणि तो आजच्या भिक्षुकांच्या व वासनिकांच्याही परिचयाचा आहे. स्वामींनी भक्ताला सांगितलेला आचार एकांताचा आहे. देशाच्या शेवटी, वृक्षाच्या मुळाशी राहावे, संबंधांचा त्याग करावा, नित्य अटन करावे, भिक्षा मागावी, कोणाही जीवाला दुखवू नये, आणि परमेश्वराच्या स्मरणात काळ घालवावा, असे त्याचे स्वरूप आहे. हा आचार एकट्याने करावयाचा आहे. उलटपक्षी, स्वामींच्या वियोगाने व्याकुळ झालेले भक्तजन, नव्याने आलेले जिज्ञासू, वृद्ध स्त्रिया, आजारी माणसे, यांना कोणीतरी एकत्र ठेवणे, शिकविणे आणि धीर देणे आवश्यक होते. एकांत धरला तर समुदाय विखुरतो आणि ज्ञान लोपते. समुदाय धरला तर एकांताचा आचार सुटतो आणि मार्ग एखाद्या संस्थानासारखा होऊन बसतो.

आचार्यांनी दोन्हींपैकी एकाचाही त्याग केला नाही. शिष्य त्यांच्याकडे येत, निरूपण ऐकत, शंका फेडून घेत, आचार शिकत. मग ते अटनासाठी आपापल्या वाटेने निघून जात, आणि काही काळाने पुन्हा येऊन मिळत. एकत्र येणे हे ज्ञानासाठी आणि दूर जाणे हे ते ज्ञान आचरणात आणण्यासाठी. ज्याला जवळ बसून ऐकण्याचीच गोडी लागली, त्याने एकट्याने चालून पाहावे. ज्याला एकटेपणाचा अहंकार झाला, त्याने समुदायात येऊन आपली चूक ओळखावी. या व्यवस्थेत स्वतः आचार्यांचा मात्र तोटा होता. इतरांसाठी ते उपलब्ध राहिले, म्हणून स्वतःच्या मनाजोगा एकांत त्यांना मिळाला नाही. ज्याला स्वामींच्या लीळा एकांतात आठवीत बसण्याहून दुसरे काही प्रिय नव्हते, त्याने आयुष्याची अनेक वर्षे इतरांच्या शंका ऐकण्यात घालविली. त्यांच्या त्यागांमध्ये हा त्याग कदाचित सर्वांत मोठा असेल. घर सोडण्याहूनही मोठा.

शिवाय त्यांनी आणखी एक मर्यादा कटाक्षाने पाळली. प्रेमदान करणारा आणि उद्धरणारा एक परमेश्वरच; आचार्य हा शब्दज्ञान सांगणारा निमित्तमात्र, या सिद्धांताला त्यांनी स्वतःच्या बाबतीत कधी अपवाद केला नाही. शोकाकुल समुदायाला नवा देव हवा असतो. जो जवळ असेल त्यालाच उचलून सिंहासनावर बसविण्याची घाई अशा लोकांना असते. नागदेव त्या सिंहासनावर बसले नाहीत. लोकांची दृष्टी आपल्यावर खिळू लागली की ती ते स्वामींच्या लीळांकडे वळवीत. त्यामुळेच त्यांच्यानंतर मार्ग खंडित झाला नाही. आचार्यत्व बाइदेवबासांकडे आणि पुढे कवीश्वर भास्करांकडे गेले. व्यक्ती बदलल्या, ज्ञानाचे मूळ बदलले नाही.

अखेर

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि यादवांचे वैभव डळमळू लागले. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने विरोधक स्वामींना छळू शकले, ती सत्ता पुढे काही वर्षांतच नाहीशी झाली. ज्या समुदायाजवळ किल्ला नव्हता, कोष नव्हता, सैन्य नव्हते, तो समुदाय मात्र राहिला. आचार्यांनी शके १२२४ (इ. स. १३०२) च्या सुमारास देह ठेवला. त्यांचे व त्यांच्या शिष्यांचे आठव पुढे स्मृतिस्थळ या ग्रंथात संकलित झाले. त्या ग्रंथात चमत्कारांची रेलचेल आढळत नाही. भिक्षेला जाणारे, शिष्याला समजावणारे, चुकलेल्याला सावरणारे, कधी स्मरणाने डोळे भरून येणारे एक वृद्ध आचार्य त्यात भेटतात.

स्वामींनी ठेवलेला ठेवा त्यांनी वाढवून दाखविला नाही आणि कमीही होऊ दिला नाही. जसा मिळाला तसा, ज्या भाषेत मिळाला त्या भाषेत, ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत त्यांनी तो पोहोचविला. दायित्व या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. प्रत्येक भिक्षुकाच्या झोळीत आणि प्रत्येक वासनिकाच्या देवघरात त्या ठेव्याचा काही अंश आहे. तो पुढच्याच्या हाती देण्याची वेळ प्रत्येकावर येते. त्या वेळी झाडाखालच्या त्या म्हातारीला आपण दिलेले कळेल का, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. आचार्यांच्या चरणी तेच खरे दंडवत होय.